धंद्याचा कागद कोणाच्या नावावर?

आपल्या वस्तीत मंडळ नोंदवायचे म्हटले की सात माणसे एका बैठकीत मिळतात. अध्यक्ष, उपाध्यक्ष, सचिव, खजिनदार ठरतात. घटना लिहिली जाते, ठराव होतो, धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात खेटे घातले जातात आणि एक दिवस नोंदणी क्रमांक लेटरहेडवर झळकतो. हे काम आपल्याला कोणी शिकवावे लागत नाही. बाबासाहेबांनी १९२४ साली बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली तीच मुळी १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखाली रीतसर नोंदवून. कागद पक्का करण्याची सवय चळवळीच्या हाडात आहे.

परंतु याच सात माणसांपैकी दोघे उद्या मंडप डेकोरेशनचा, केटरिंगचा किंवा इलेक्ट्रिकच्या ठेक्याचा धंदा काढतात तेव्हा ही सवय कुठे जाते? पैसा दोघांचा, घाम दोघांचा, दुकानाचा गाळा एकाच्या नावावर, बँकेचे खाते दुसऱ्याच्या नावावर आणि करारनामा कोणाकडेच नाही. ‘आपण जयभीमवाले, आपल्यात कागद कशाला?’ असे म्हणून सुरुवात होते आणि चार-पाच वर्षांनी दोघेही वेगवेगळ्या वकिलांच्या दारात उभे राहतात. गेली अनेक वर्षे न्यायालयात वावरताना आम्ही अशी इतकी प्रकरणे पाहिली आहेत की या विषयावर एकदा स्पष्ट बोललेच पाहिजे. नोकऱ्यांचे खासगीकरण झाले, सरकारी भरती आटली, आमची तरुण पोरे धंद्याकडे वळली. ते चांगलेच झाले. पण धंद्याला कायद्याचा कोणता आकार द्यायचा, हा निर्णय आपण अजूनही एजंटावर किंवा सीएवर सोडून देतो. आमच्या मते धंद्यातला पहिला राजकीय निर्णय हाच आहे. बुडाले तर घर कोणाचे जाणार आणि चालले तर मालक कोण असणार, हे दोन्ही त्यातच ठरते.

आधी एक गैरसमज दूर करू. शॉप ॲक्टची पावती, उद्यम नोंदणी, जीएसटी क्रमांक ही तिन्ही कागदपत्रे हातात आली की ‘आमची कंपनी रजिस्टर झाली’ असे पुष्कळजण सांगतात. तसे नसते. उद्यम नोंदणी जुलै २०२० पासून सुरू झाली. ती धंदा सूक्ष्म, लघु की मध्यम एवढेच सांगते. जीएसटी क्रमांक कर भरण्यासाठी असतो. धंद्याचा मालक कोण, कर्जाला जबाबदार कोण आणि मालक गेल्यावर धंद्याचे काय, या प्रश्नांची उत्तरे या कागदांत नसतात. ती धंद्याच्या कायदेशीर स्वरूपात असतात.

सगळ्यात सोपे स्वरूप म्हणजे एकट्याची मालकी, म्हणजेच प्रोप्रायटरशिप. यासाठी वेगळी नोंदणी लागत नाही. खर्च नाही, वार्षिक विवरणपत्रांचा ससेमिरा नाही. शिलाईकाम, नाश्त्याची गाडी, मोबाइल दुरुस्ती, छोटी छपाई अशा धंद्यांना हे स्वरूप पुरेसे आहे आणि त्यात कमीपणा मानण्याचे काही कारण नाही. मात्र एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी. इथे दुकानाच्या पाटीवर काहीही नाव असो, कायद्याच्या नजरेत दुकान आणि दुकानदार एकच असतात. दुकानाचे देणे हे दुकानदाराचे देणे. माल उधार घेतला आणि पैसे थकले तर वसुलीचा हुकूमनामा दुकानातल्या कपाटापाशी थांबत नाही. वडिलांनी गिरणीतून निवृत्त होऊन घेतलेली आणि पुढे मुलाच्या नावावर झालेली खोलीसुद्धा त्यात ओढली जाऊ शकते. शिवाय मालक गेला की ही मालकीही संपते. परवाने आणि खाते त्याच्या नावावर असतात, आणि विधवा पत्नीला वारसाच्या कागदांसाठी महिनोन्महिने वणवण करावी लागते.

दुसरे स्वरूप भागीदारीचे. १९३२ चा भारतीय भागीदारी कायदा यासाठी आहे. या कायद्यात आमच्या लोकांना भोवणाऱ्या चार गोष्टी आहेत. एक, फर्मच्या प्रत्येक देण्याला प्रत्येक भागीदार एकटाही संपूर्ण जबाबदार असतो. मित्राने फर्मच्या नावाने कर्ज काढले आणि तो गावी निघून गेला, तर सावकार तुमच्याकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. ‘माझा वाटा निम्मा होता’ हे उत्तर त्याच्यापुढे चालत नाही. दोन, करारात काही लिहिले नसेल तर नफा सारखा वाटायचा असे कायदा धरून चालतो. मग एकाने दोन लाख घातलेले असोत की दुसऱ्याने वीस हजार. तीन, करारात तसे काही ठरले नसेल तर एक भागीदार वारताच फर्म विसर्जित होते.

चौथी गोष्ट सर्वांत घातक आहे. भागीदारीची नोंदणी सक्तीची नाही, म्हणून कोणी करत नाही. पण ६९ वे कलम सांगते की नोंदणी नसलेल्या फर्मला आपल्या कराराच्या पैशासाठी बाहेरच्यावर दिवाणी दावा लावता येत नाही. बाहेरच्याला मात्र तुमच्यावर दावा लावायला काही अडचण नाही! बिल्डरने तुमचे चार लाखांचे बिल थकवले, तुम्ही कोर्टात गेलात, की त्याचा वकील पहिल्याच तारखेला विचारतो, ‘फर्म नोंदलेली आहे का?’ दावा दाखल करण्याच्या दिवशी नोंदणी असावी लागते. नंतर धावपळ करून केलेली नोंदणी त्या दाव्याला वाचवत नाही. नवा दावा लावावा लागतो आणि तोवर मुदत निघून गेलेली असते. महाराष्ट्राने तर १९८४ च्या दुरुस्तीने आणखी पुढे जाऊन, नोंदणी नसलेल्या फर्मच्या भागीदाराला फर्म मोडून आपला हिशेब मागण्याचा दावाही बंद केला होता. ही तरतूद सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली घटनाबाह्य ठरवली. म्हणजे जवळजवळ पंचवीस वर्षे या राज्यात तोंडी भरवशावर धंदा करणाऱ्या भागीदाराला स्वतःचा हिस्सा मागायलाही दार नव्हते. आता ते दार उघडले आहे. पण ग्राहकाकडून पैसे वसूल करण्याचे दार नोंदणीशिवाय आजही बंदच आहे. करारनामा स्टॅम्प पेपरवर करणे आणि तो भागीदारी संस्था निबंधकाकडे नोंदवणे याला जो खर्च येतो, तो एका थकलेल्या बिलापेक्षा कितीतरी कमी असतो.

तिसरे स्वरूप कंपनीचे. कंपनी म्हणजे काय, हे जगाच्या कायद्याला एका चामड्याच्या कारागिराने शिकवले, हे आपल्या वाचकांना ठाऊक असावे. लंडनच्या व्हाइटचॅपल भागात ॲरन सॉलोमन हा बूट बनवणारा ज्यू धंदेवाला होता. १८९२ साली त्याने आपला धंदा कंपनीत बदलला. तेव्हाच्या इंग्लंडच्या कायद्यात सात सभासद लागत. सॉलोमन, त्याची पत्नी, एक मुलगी आणि चार मुलगे असे सात झाले. त्याच्याकडे वीस हजारांवर शेअर, बाकी सहा जणांकडे एकेक. पुढे कंपनी बुडाली आणि देणेकरी सॉलोमनच्या अंगावर आले. कंपनी म्हणजे नुसता बुरखा आहे, आत सॉलोमनच आहे, असे त्यांचे म्हणणे होते. खालच्या न्यायालयांनी ते मान्य केले. पण हाउस ऑफ लॉर्ड्सने निकाल फिरवला. रीतसर नोंदलेली कंपनी ही तिच्या सभासदांहून वेगळी व्यक्ती आहे, तिचे देणे तिचे, सभासदाचे नव्हे, असा तो निकाल. कायद्याच्या प्रत्येक विद्यार्थ्याला १८९७ च्या निकालपत्रांतला हा खटला पहिल्याच वर्गात शिकवतात. बाटाच्या दुकानात उभा राहणारा मुलगा असो की धारावीत चामड्याच्या बॅगा शिवणारा, त्याच्यासाठी या निकालाचा अर्थ एकच: धंदा बुडाला तरी राहते घर वाचवण्याची एक भिंत कायद्याने बांधून ठेवली आहे.

ही भिंत आज बांधणे पूर्वीपेक्षा सोपे आहे. खासगी कंपनीला दोन सभासद आणि दोन संचालक पुरतात. एक लाखाच्या किमान भांडवलाची अट २०१५ साली गेली. पंधरा लाखांपर्यंतच्या अधिकृत भांडवलाला केंद्राची नोंदणी फी नाही, मुद्रांक शुल्क तेवढे राज्याचे भरावे लागते. एकटा माणूसही २०१३ च्या कायद्यामुळे एकल व्यक्ती कंपनी काढू शकतो. त्यात आपल्या पश्चात कंपनी कोणाकडे जाईल त्याचे नाव सुरुवातीलाच द्यावे लागते. आमच्या ज्या भगिनी एकट्याने ब्युटी पार्लरचे, पाळणाघराचे किंवा टिफिनचे काम मोठे करत आहेत, त्यांनी या स्वरूपाचा जरूर विचार करावा. आणि दोघा-तिघांचे काम असेल, बाहेरचा गुंतवणूकदार आणायचा नसेल, तर २००८ च्या कायद्यातील मर्यादित दायित्व भागीदारी, म्हणजे एलएलपी, हा मधला मार्ग आहे. त्यात भागीदारीची मोकळीक आहे आणि कंपनीची भिंतही आहे. उलाढाल चाळीस लाखांच्या आणि भागीदारांचे भांडवल पंचवीस लाखांच्या आत असेल तर या कायद्याखाली लेखापरीक्षणाची सक्ती नाही.

मग सगळ्यांनीच उठून कंपनी काढावी काय? नाही. इथेच आमचा एजंट मंडळींशी वाद आहे. व्हिजिटिंग कार्डावर ‘डायरेक्टर’ छापण्याच्या हौसेपोटी कित्येक तरुणांनी कंपन्या काढल्या आणि वर्षभरात विसरूनही गेले. कंपनी काही विसरत नाही. स्थापनेपासून १८० दिवसांत धंदा सुरू केल्याचे घोषणापत्र द्यावे लागते. एका रुपयाचा व्यवहार झाला नसला तरी हिशेब तपासून घ्यावे लागतात आणि दरवर्षी दोन विवरणपत्रे भरावी लागतात. उशीर झाला तर प्रत्येक विवरणपत्रामागे दिवसाला शंभर रुपये जादा फी चढते. दोन्ही मिळून वर्षाचे सत्तर हजारांवर गेले! सलग तीन वर्षे विवरणपत्रे भरली नाहीत तर संचालक पाच वर्षांसाठी अपात्र होतो. २०१७ साली केंद्र सरकारने दोन लाखांहून अधिक निष्क्रिय कंपन्या नोंदवहीतून काढल्या आणि तीन लाखांहून अधिक संचालकांना अपात्र ठरवले. त्यात सगळेच काही काळा पैसा फिरवणारे नव्हते. हौसेने कंपनी काढून बसलेले साधे लोकही त्या वरवंट्याखाली आले.

दुसरे असे की ती भिंत बँकेच्या टेबलावर पुष्कळदा ढासळते. कंपनीला कर्ज देताना बँक संचालकांचा वैयक्तिक जामीन मागते. त्यावर सही केली की त्या कर्जापुरते कंपनी आणि तुम्ही पुन्हा एक झालात. म्हणून जामीनपत्रावर डोळे मिटून सही करू नये. छोट्या उद्योगांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जासाठी तारण मागू नये, असे बंधन रिझर्व्ह बँकेने २०१० सालीच बँकांवर घातले. त्यापुढच्या कर्जासाठी २००० साली स्थापन झालेल्या पतहमी न्यासाची सोय आहे. व्यवस्थापक ‘घराचे कागद आणा’ म्हणाला तर हे त्याला नम्रपणे पण लेखी विचारावे.

आता मूळ दुखण्याकडे येऊ. सूक्ष्म व लघु उद्योगांकडून खरेदी करण्याच्या २०१२ च्या आदेशाने केंद्राच्या खात्यांवर आणि सार्वजनिक उपक्रमांवर बंधन आले. आज ते वार्षिक खरेदीच्या २५ टक्क्यांचे आहे आणि त्यातले ४ टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या मालकीच्या उद्योगांसाठी आहेत. मालकी कशी ठरते? एकट्याचा धंदा असेल तर मालक अनुसूचित जाती-जमातीचा हवा. भागीदारी किंवा खासगी कंपनी असेल तर किमान ५१ टक्के हिस्सा त्यांचा हवा. ५ एप्रिल २०१६ रोजी सुरू झालेल्या स्टँड अप इंडिया योजनेतही दहा लाख ते एक कोटीच्या कर्जासाठी ५१ टक्के हिस्सा आणि नियंत्रण अशीच अट ठेवलेली होती. बौद्ध बांधवांनी हेही ध्यानात ठेवावे की १९९० च्या दुरुस्ती कायद्याने धर्मांतरित बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या यादीत स्थान मिळाले आहे. तेव्हा जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यातही काढून ठेवावा. टेंडरच्या आदल्या दिवशी तहसील कार्यालयाकडे पळू नये.

हा ५१ चा आकडा आमच्या हक्काचा. पण त्याच आकड्याभोवती आज गिधाडे घिरट्या घालत आहेत. पेट्रोल पंप आणि गॅस एजन्सीत आपण काय पाहिले? परवाना आपल्या माणसाच्या नावावर आणि गल्ला दुसऱ्याच्या हाती. मागासवर्गीयांच्या सहकारी औद्योगिक संस्थांतही कित्येक ठिकाणी सभासद आपले आणि कारभारी परके, हेच घडले. आता तोच खेळ कंपनीच्या रूपाने आला आहे. ‘तुम्ही फक्त सही करा, ५१ टक्के तुमचे, महिन्याला पंधरा हजार घरपोच,’ असा निरोप येतो. कॉलेज संपवून रिकामा बसलेला पोरगा त्याला भुलतो. शेअर त्याच्या नावावर होतात. त्याच दिवशी शेअर हस्तांतरणाच्या कोऱ्या फॉर्मवर त्याची सही घेऊन ठेवतात. चेकबुकावर सही करायला त्याला बोलावतात, पासबुक मात्र दाखवत नाहीत.

या पोराला कोणी सांगत नाही की चेक न वटता परत आला तर १३८ कलमाखालची फौजदारी चेकवर सही करणाऱ्यावर होते. जीएसटी आणि आयकराच्या थकबाकीत खासगी कंपनीच्या संचालकाला स्वतःला जबाबदार धरण्याची तरतूद आहे. कामगारांचा प्रॉव्हिडंट फंड भरला नाही तर नोटीस त्याच्याच घरी येते. कायद्याला बगल देण्यासाठी एकाच्या पैशाने दुसऱ्याच्या नावावर मालमत्ता घेतली तर २०१६ साली कडक झालेला बेनामी व्यवहार कायदा पैसेवाल्याबरोबर नाव देणाऱ्यालाही एक ते सात वर्षांची सक्तमजुरी सांगतो. पंधरा हजारांच्या बदल्यात आपण काय विकतो आहोत? स्वतःचे नाव, स्वतःचा दाखला आणि खऱ्या उद्योजक बांधवाची संधी. त्या ४ टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षानुवर्षे अपुरे राहते. त्यात जे थोडे मिळते तेही असे बोटांतून गळणार असेल तर मागणी कोणत्या तोंडाने करायची?

इतर समाजातील भागीदार घेऊच नये, असे आम्ही मुळीच म्हणत नाही. भांडवल आणि अनुभव जिथे आहे तिथून आणावा. पण ५१ टक्के हे बोलण्यात नको, हातात हवेत. कंपनीत साधा ठराव निम्म्याहून अधिक मतांनी होतो, म्हणजे ५१ टक्केवाला संचालक नेमू शकतो आणि काढूही शकतो. मात्र नियमावली बदलायला तीन-चतुर्थांश मते लागतात. म्हणून ४९ टक्केवाल्याने पहिल्याच दिवशी नियमावलीत ‘कायम व्यवस्थापकीय संचालक’ म्हणून स्वतःचे नाव घुसवले, तर ते कलम तुमचे ५१ टक्के एकट्याने बदलू शकत नाहीत. तेव्हा नियमावली सही करण्यापूर्वी वाचावी, न समजल्यास वकिलाकडून वाचून घ्यावी. बँकेच्या खात्यावर आपली सही असावी आणि खात्याचा मेसेज आपल्या मोबाइलवर यावा. हिशेबाची वही दर महिन्याला पाहावी. कोऱ्या फॉर्मवर सही कोणीही, अगदी सख्ख्या भावाने मागितली तरी देऊ नये.

आमचे म्हणणे थोडक्यात असे. एकट्याचा छोटा धंदा असेल तर प्रोप्रायटरशिपवर खुशाल सुरुवात करा. दुसऱ्याचा एक रुपयाही आत आला की त्याच आठवड्यात करारनामा करा आणि नोंदवा. उधारी वाढली, मोठे कंत्राट आले, कामावर माणसाच्या जिवाला धोका असेल, तर घर आणि धंदा यांच्यामध्ये एलएलपीची किंवा कंपनीची भिंत घाला. पण विवरणपत्रांचा वार्षिक खर्च आधी वहीत मांडून मगच घाला.

या कामी आमच्या वकील बांधवांचीही जबाबदारी आहे. परदेशातून परतल्यावर बाबासाहेबांनी मुंबईत शेअर बाजाराचा सल्ला देणारी फर्म काढली होती. सल्लागार अस्पृश्य आहे हे कळताच गिऱ्हाइके फिरकेनाशी झाली आणि ती फर्म बंद पडली. पुढे याच बाबासाहेबांनी जून १९२५ ते मार्च १९२८ या काळात बाटलीबॉय यांच्या अकाउंटन्सी संस्थेत व्यापारी कायदा शिकवला. ज्याला बाजाराने दार लावले त्याने बाजाराचा कायदा दुसऱ्यांना शिकवला! आपल्या प्रत्येक तालुक्यात आज दहा-वीस वकील आहेत. जयंतीला भाषणे करतोच. महिन्यातला एक रविवार विहारात टेबल मांडून बसलो, दोन भागीदारांचे करारनामे लिहून दिले, एका पोराच्या हातातला कोरा फॉर्म काढून घेतला, तरी पुष्कळ झाले. आम्ही आमच्या तालुक्यात येत्या रविवारपासून बसतो आहोत. इतरांनीही बसावे.